करमत नाही

मृग लागला की माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. बियाणं, खत, उधारीची वही, "भाऊ, मागल्या सालचंच वाण द्या." यंदा त्याच गर्दीत कपाशीची पाकिटं मोजताना चौदा झाली की पंधरा हेच विसरलो. एकदम वाटलं, मग काय? ही विकली जातील, कापूस येईल, पुढच्या मृगाला हीच माणसं इथंच उभी असतील. मग काय? गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा भानावर आलो.

मित्राला सांगितलं तर म्हणे, "काम नसलं की असलंच सुचतं." अरे बाबा, जूनमध्ये मला जेवायला फुरसत नसते! रिकामटेकड्यालाच हे होतं, ही आपली लाडकी समजूत. साफ खोटी आहे.

कंटाळा कामाचा येतो. आमची आजी अहिराणीत 'कटाया' म्हणायची, निंदणी सोडून पाणी प्यायला उठायची, परतेपर्यंत तो गेलेला असायचा. 'करमत नाही' निराळं. त्यात कुणीतरी नसतं. लेक सासरी गेली, पोरगा पुण्याला गेला, बैल विकला. (बैल विकल्यावर आमचे वडील आठ दिवस धड जेवले नव्हते.) मला तर काम नकोसं झालं नव्हतं, कुणी गेलंही नव्हतं. याला बोलीत शब्द सापडेना. मग आपण 'बोअर झालं' म्हणतो नि मोबाईल काढतो.

गंमत म्हणजे मी राहतो अमळनेरात. इथल्या गिरणीवाल्या प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, म्हणजे तत्त्वज्ञान शिकायची संस्था. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्ववेत्ता बंगालमधून इथं, बोरी नदीकाठच्या उन्हात येऊन राहिला. 'मग काय?' घेऊन बसणं हा या गावात पूर्णवेळ उद्योग होता आणि खर्च एक व्यापारी करत होता. आज मंगळवारी मंगळग्रह मंदिराला रांग लागते. मीही लागलोय रांगेत, नाही कशाला म्हणू? पण त्या दुसऱ्या मंदिरात मी पन्नाशीपर्यंत पाऊल टाकलं नव्हतं.

तिथंच शिकायला साने गुरुजी आले होते. १९२४ साली ते शाळेत मास्तर झाले आणि मुलांत रमले. इथवर सांगून लोक थांबतात: बघा, दुसऱ्यासाठी जगा, पोकळी भरते. मला तसं म्हणवत नाही. त्यांच्याएवढं दुसऱ्यांसाठी कोण राबलं? तरी ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं जगणं संपवलं. पेरणीचेच दिवस. म्हणून 'कामात राहा' हा सल्ला मी आता कुणाला देत नाही. कुणी आपणहून म्हणालं, आतून रितं वाटतंय, तर त्याला कामाला लावू नका. आधी ऐकून घ्या. मला हे बायकोला सांगायला तीन आठवडे लागले. तिला माझ्याआधीच कळलं होतं.

परवा दुपारी तीनला शटर ओढलं नि घरी आलो. वडील ओट्यावर, गोधडीवर बसलेले.

"दुकान कसाले बंद?"

म्हटलं, "करमत नव्हतं." शब्द चुकीचा आहे हे ठाऊक होतं.

त्यांनी गोधडीचं टोक माझ्याकडे सरकवलं. "बस मंग."

समोर लिंबाखाली शेळी रवंथ करत होती. पाच वाजेपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत बसलो.