आधी मीटर लावा, मग बोला!

माझ्या गाडीची विंच, म्हणजे रुतलेली गाडी रोपने ओढून काढणारं बम्परवरचं मोटरचं यंत्र, चालेना. तीन दुकानं, तीन निदानं. पहिला म्हणाला, बॅटरी बसलीय. दुसरा म्हणाला, सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट सोडणारा स्विच, गेला. तिसऱ्याने तर बॉनेटसुद्धा उघडलं नाही. रिमोट दाबला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मोटर जळाली साहेब, नवीन विंच टाका, चाळीसच्या आसपास जाईल." तिघांपैकी एकानेही व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर हातात घेतला नाही. एकानेही नाही! मी नवी बॅटरी घेतली, नवा सोलेनॉइड घेतला, आणि विंच होती तिथेच.

हे सगळं सुरू झालं जुलैत, वेल्ह्याच्या पुढे. पावसाची झड लागलेली, भातखाचरांच्या कडेने जाणारी कच्ची वाट. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एक्सलपर्यंत रुतली. अशाच वेळेसाठी तर विंच बसवलेली. आंब्याच्या खोडाला रुंद पट्टा गुंडाळला, जोडायची कडी म्हणजे शॅकल लावला, विंचचा क्लच मोकळा करून रोप ओढत नेला, त्यावर ओलं पोतं टाकलं, सगळ्यांना लांब उभं केलं. रिमोट दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्. उलट्या दिशेने दाबला, तरी टक्. रोप गुंडाळणारा ड्रम जागचा हलेना. शेवटी खाचरात चिखलणी करणारे एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. ऐन लावणीच्या दिवसांत त्यांचा अर्धा-पाऊण तास माझ्यापायी गेला, आणि पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. कुणीतरी पुण्यात बसून कामात चालढकल केली आणि भुर्दंड भरला कोणी, तर पावसात लावणी सोडून आलेल्या माणसाने.

त्या दिवशीच एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. रिमोट दाबला तेव्हा गाडीचे दिवे जराही मंद झाले नाहीत. साडेनऊ हजार पौंडांची विंच पूर्ण ताणाला 12 व्होल्टवर साडेतीनशे-चारशे अँपिअर ओढते. एवढा करंट निघाला की हेडलाइट मलूल होतातच. बॅटरी बसलेली असेल तर विझायलाच येतात. इथे दिवे लख्ख. म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतच नव्हता, वाटेत कुठेतरी अडत होता. हे मी पहिल्या दुकानात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नव्या बॅटरीचं बिल फाडलं.

शेवटी स्वतःच घरी मीटर घेऊन बसलो. भावाला रिमोट दिला. दाबल्यावर बॅटरीवर 12.3 व्होल्ट. ठीक. सोलेनॉइडच्या आत येणाऱ्या बोल्टवर जवळपास तेवढेच. बाहेर मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवरही तेवढेच, म्हणजे सोलेनॉइड काम करतोय. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर धरली आणि दुसरी मोटरच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायच्या, बोल्टवर. भावाला म्हटलं, दाब. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. मीटरवर आले साडेआठ. बारातले साडेआठ व्होल्ट एका अर्थिंगमध्ये जिरत होते! मोटरला उरत होते जेमतेम पावणेचार, त्यावर ती कशी फिरणार? बोल्टला बोट लावलं तर चटका बसला.

खोलून बघितलं आणि डोकंच फिरलं. विंचची अर्थ केबल बॅटरीच्या मायनसला नेलेलीच नव्हती. तीन मीटर तांबं वाचवण्यासाठी ती बम्परच्याच एका बोल्टला आवळून टाकली होती. बम्परवर पावडर कोटिंग, म्हणजे करंट अडवणारा रंगाचा थर, ते खरवडलेलंसुद्धा नाही. लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली काळा रंग जसाच्या तसा गुळगुळीत. म्हणजे चारशे अँपिअरचा रस्ता कुठून, तर बोल्टच्या आट्यांमधून! दोन पावसाळे त्या आट्या गंजत गेल्या. लग उलटा केला तर त्यावर हिरवट पांढरी भुकटी, नखाने खरवडली की पापुद्रे निघतात. एवढ्या करंटला एका ओहमचा शंभरावा भाग जरी मध्ये आला तरी चार व्होल्ट तिथेच खलास. हे शाळेतलं गणित आहे. दिवसाला चार विंच बसवणाऱ्या माणसाला हे येत नसेल तर त्याने गाड्यांना हात लावू नये, आणि येत असूनही तो असं करत असेल तर ते त्याहून वाईट.

आणि एवढ्यावरच भागलं नाही. पॉझिटिव्ह केबल रेडिएटरच्या पट्टीच्या धारदार कडेवरून ओढलेली, वर साधी रबरी नळीसुद्धा नाही. इन्शुलेशनला अर्ध्यापर्यंत चीर पडली होती. मध्ये करंट तोडणारा कट-ऑफ स्विच नाही. ती केबल आणखी थोडी घासली असती तर थेट बॅटरी बॉडीला शॉर्ट, आणि बॉनेटखाली आग. गाडीत माझी पोरं बसतात.

दुरुस्ती काय होती? पस्तीस स्क्वेअर एमएमची केबल, दाबून बसवलेले दोन लग, सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत. मोटरचा अर्थचा बोल्ट पॉलिश पेपरने चकचकीत केला, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. पॉझिटिव्हवर जाड नळी चढवली आणि बॅटरीजवळ स्विच बसवला. सगळे मिळून अडीच हजारही लागले नाहीत. हात लागलाच होता म्हणून मोटरचं मागचं झाकणही काढलं. आत पाणी जाऊन मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारा एक कार्बन ब्रश खाचेत घट्ट होत चालला होता, तो मोकळा करून साफ केला. पुन्हा मीटर लावला तर साडेआठच्या जागी 0.2. विंच अशी फिरली की भाऊ दचकून मागे सरला.

जी मोटर "जळाली" म्हणून भंगारात काढायला सांगितली होती, तिने परवा गाळात बसलेली दुसऱ्याची भरलेली जीप ओढून काढली.

मला सांगा, मीटर लावायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. पण दोन मिनिटांत दोष सापडला तर पार्ट विकायचा कसा? गिऱ्हाईकाच्या पैशाने अंदाज खेळायचे, एक चुकला की दुसरा. यांचं काय जातं? आम्ही मात्र या विंचच्या भरवशावर घाटात, रात्रीबेरात्री, मोबाइलला रेंज नसलेल्या जागी जातो.

तो सडलेला लग घेऊन मी जिथे विंच बसवली त्या दुकानात गेलो. काउंटरवर ठेवला. त्याने उचलूनही पाहिला नाही. म्हणाला, "सगळे असंच बसवतात साहेब, बॉडीलाच अर्थ असतो." नंतर सोलेनॉइडवाल्याकडे गेलो, माझा जुना परत मागितला. तो म्हणाला, भंगारात गेला.

चालू होता तो.