झाडाझाडांतून गुलमर्ग

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती काढून सांगतो खरं, पण जर्मनीत बर्फ आभाळातून पडतो आणि परभणीत तो रसवंतीवाल्याच्या पोत्यातून निघतो. त्यामुळं ‘मला गुलमर्गच्या जंगलात स्कीइंग करायला जायचंय’ असं आमच्याकडं म्हणायचं, तर पुढं अर्धा तास खुलासा करायची तयारी ठेवावी लागते.

स्कीइंग टीव्हीमुळं सगळ्यांना ठाऊक आहे. पायाला दोन पट्ट्या, हातात दोन काठ्या आणि माणूस उतारावरून सूंऽऽ करत खाली. इथवर लोक ऐकून घेतात. ‘मोकळ्या उतारावरून नाही, झाडांमधून जायचंय’ म्हटलं की चेहरे बदलतात. आमच्या मामांनी पानाची पिंक टाकून येईपर्यंत मला थांबवून ठेवलं आणि विचारलं, ‘‘मोकळं रान सोडून झाडात कामून शिरायलास? इमा काढलाय का?’’

मामांचंही बरोबर आहे. मराठवाड्यात झाड म्हणजे बांधावरची बाभळ, नाहीतर दारातला लिंब. त्याच्याखाली बसायचं, बैल बांधायचे, भांडणं मिटवायची किंवा लावायची. झाडाला वळसा घालून वेगानं निसटायचा प्रकार इथं पतसंस्थेचा वसुलीवाला दिसला तरच घडतो. मी स्वतः पतसंस्थेत वसुलीला आहे, म्हणून हे अधिकारानं सांगतो.

गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे, १९६८ साली सुरू झालेली. तरुणपणी मी तिथं आधी पडायला आणि मग उभं राहायला शिकलो. तेव्हापासून ते जंगल डोक्यात बसलंय. गावाच्या डोक्यावर अफरवतचा डोंगर. गोंडोल्याचा, म्हणजे दोरीवरच्या पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, तीन हजार मीटरच्या थोडा वर सोडतो. दुसरा पार चार हजारांच्या जवळ नेतो. (परभणी ४०० मीटरच्या आसपास. आमच्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी.) वरचा डोंगर बोडका. फोटो सगळे तिथले, मिशा पिळायच्या तर त्याही तिथंच.

पण वारा सुटला की वरचा टप्पा बंद. ढग उतरले की वर सगळंच पांढरं, उतार कुठं आणि आभाळ कुठं हे पडल्यावर कळतं. अशा दिवशी खरी मजा खालच्या कैल आणि फर या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात. काळ्या बुंध्यांमुळं उतार डोळ्याला दिसत राहतो. आत वारा शिरत नाही, त्यामुळं पडलेला बर्फ कडक न होता पेरणीआधीच्या रानासारखा भुसभुशीत राहतो. शिकवणाऱ्यानं एकच मंत्र दिला होता : झाडाकडं बघायचं नाही, दोन झाडांमधल्या फटीकडं बघायचं. जिकडं नजर तिकडं पाय. झाडाकडं बघाल तर झाडालाच भेटाल.

दुसरी गोष्ट त्यानं जरा आवाज उतरवून सांगितली होती. फरच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, म्हणून बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो. वरून तो दिसत नाही. त्यात माणूस डोक्यावर गेला तर त्याचा त्याला निघता येत नाही. म्हणून जंगलात एकट्यानं जायचं नाही. जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा, शिट्टी गळ्यात हवी.

इथं माझं घोडं पेंड खातं. शिट्टी वीस रुपयांत मिळाली. जोडीदार मिळेना.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलो गुलमर्ग’ असा ग्रुप काढला. पहिल्या दिवशी उत्साह असा की लोक तिथल्या हॉटेलात कोण कोणाच्या खोलीत घोरणार यावर भांडले. मग मी तारखा टाकल्या. गुलमर्गचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत भर रंगात असतो, आणि मराठवाड्यातला माणूस नेमका त्याच दोन महिन्यांत कुठं सापडत नाही. एकाचा ऊस फडात उभा, कारखान्याची टोळी कधी येईल याचा भरवसा नाही. दोघं मास्तर, त्यांच्या बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. एकाच्या मेव्हणीचं लग्न, आणि मेव्हणीचं लग्न बुडवून जो बर्फात जातो त्यानं परत न आलेलंच बरं. शेवटी ग्रुपवर उरले सकाळचे फुलांचे फोटो आणि ‘येताना केशर आण’ हा निरोप. ग्रुप मात्र एकानंही सोडला नाही.

तारीख ठरवायची तर बर्फाचाही भरवसा हवा. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठाक होतं. ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीत, उतारांवर पिवळं गवत! खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीच्या अखेरीस ढकलावे लागले. ही बातमी वाचून जगभरचे स्कीवाले हळहळले असतील. मला तर एकदम माहेरची आठवण झाली. आभाळाकडं बघत बसायचं, हवामान खात्यावर तोंडसुख घ्यायचं आणि शेजारच्याकडं पडला का विचारायचं, हे काम माझ्या सात पिढ्यांनी केलंय. मी पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांचे नकाशे उघडून बसलो. गुलमर्गला बर्फ तेच आणतात.

मामांनी माझ्या खांद्यावरून नकाशात डोकावून पाहिलं.

‘‘हे इकडं बी येतंय का?’’

‘‘कधी कधी येतं, मामा. त्यानंच आपल्याकडं गारपीट होते.’’

‘‘मंग तिकडं पैसे घालून कामून जायलास? २०१४ ला मह्या गव्हात फुकट पडला होता की बर्फ. घोटाभर. तव्हा यायचं होतं घसरायला.’’

यावर काय बोलणार? त्या मार्चमध्ये मामांचा गहू आडवा झाला होता आणि हरभऱ्याचे नुसते खराटे उरले होते. मी नकाशा मिटला आणि चहा मागवला.

सामानाची कथा निराळी. स्की आणि बूट तिथं भाड्यानं मिळतात, पण कपडे आपले लागतात, आणि सुती नकोत. घामानं भिजले की अंगावरच गार पडतात. बाजारात ‘बर्फात घालायची पॅन्ट’ मागितली. दुकानदारानं न डगमगता रेनकोट काढला आणि म्हणाला, ‘‘सर, बर्फ म्हंजी शेवटी पाणीच ना?’’ त्याच्या विज्ञानात खोट काढता येईना.

यादीत फावडं होतं. हिमस्खलनात कुणी गाडलं गेलं तर उकरायला घडीचं फावडं, बर्फात खुपसायची लांब सळई आणि अंगावर बांधायचा सिग्नलचा डबा असं त्रिकूट लागतं. आईनं यादीतला तेवढाच एक शब्द पकडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गोठ्यातलं खोरं घासून पुसून माझ्या बॅगेला टेकवलेलं. पात्यावरचं शेण निघालं होतं, दांड्यावरचं तसंच होतं. ‘‘घरात असताना इकत कामून घ्यायचं?’’ आई म्हणाली. ‘‘अन् धपाटे करून देते, आठ दिवस टिकतेत.’’

गुडघ्यांची तयारी बायकोनं हातात घेतली. भिंतीला पाठ टेकून खुर्चीविना खुर्चीत बसायचं, मांड्या घट्ट होतात. ‘‘अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर उठायचं नाही,’’ असा नियम. त्या दिवशी तिनं तूरडाळ लावली होती आणि रिंग बदलायला झाली होती. पहिली शिट्टी यायलाच बातम्या संपल्या.

मार्ग मात्र झकास ठरला. परभणीहून सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला. तिथून जम्मू, कटरा, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत. वाटेत नदीपासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाबचा पूल. श्रीनगरहून टंगमर्ग आणि पुढं घाट, बर्फ असला तर चाकांना साखळ्या लावून. हे सगळं मी रंगवून सांगत होतो. मामांनी मध्येच हात वर केला.

‘‘सचखंडला टेशनावर लंगर मिळतो म्हणतेत, खरं का?’’

‘‘खरंय. आपलं ताट-वाटी न्यायचं फक्त.’’

‘‘मंग महं बी तिकीट काढ. खालचा बर्थ.’’

असा मला जोडीदार मिळाला : वय सत्तरीकडं, स्वेटर लग्नातला, धोतर. शिट्टी त्यांनी लगेच गळ्यात घातली आणि वाजवून पाहिली. गल्लीतली कुत्री उठली.

‘‘तू घसर निवांत,’’ मामा म्हणाले. ‘‘मी तिथंच एखाद्या झाडाखाली बसतो तंबाखू मळत.’’

‘‘मामा, तिथं सगळीकडं बसा, फक्त झाडाखाली बसू नका. खड्डा असतो.’’

मामा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

‘‘झाड हाय, अन् खाली बसायचं नाही?’’ ते म्हणाले. ‘‘काढ तिकीट. त्या लोकांला सांगावं लागंल.’’