सलग ३१ दिवस, आणि मग शून्य

मागच्या वर्षी मी जानेवारीत मोठ्या उत्साहाने ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ हा प्लॅन फोनवर सुरू केला. हिशोब साधा आहे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, ३६५ दिवस. रोज तीन-सव्वातीन अध्याय. ३१ दिवस एकही खाडा नाही. मी लेवीयच्या अकराव्या अध्यायापाशी, शुद्ध-अशुद्ध प्राण्यांच्या यादीत होते आणि मुलीला ताप आला. रात्रीची जागरणं, दिवसा ऑफिस. नऊ दिवसांनी अ‍ॅप उघडलं तर वर सलग दिवसांचा आकडा शून्य आणि खाली २९ अध्यायांची थकबाकी. वीजबिलाची असते तशी. मी अ‍ॅप बंद केलं आणि जूनपर्यंत बायबलला हात लावला नाही.

या पोस्टमध्ये मला त्या नऊ दिवसांबद्दल काहीच म्हणायचं नाही. घरात आजारपण असलं की वाचन सुटतं, सुटू दे. जे म्हणायचंय ते पुढच्या चार महिन्यांबद्दल. त्या काळात मुलगी ठणठणीत होती. वेळही होता, कारण त्याच फोनवर मी रोज रात्री अर्धा-पाऊण तास लोकांची भांडणं वाचत होते. म्हणजे अडचण वेळेची नव्हतीच. देवासमोर जायचं तर आधी थकबाकी भरून जायचं, असं मी मनात पक्कं धरलं होतं. ती भरणं शक्य नव्हतं, म्हणून जायचंच नाही. कृपेवर विश्वास ठेवणाऱ्या बाईने इतकं बावळट गणित मांडावं!

‘वेळ मिळत नाही’ असं आपण मंडळीत एकमेकांना सांगतो, तेव्हा बरेचदा आत हेच असतं असं मला वाटू लागलंय. आपल्याला ‘चांगला’ शांत वेळ हवा असतो. पहाट, निवांतपणा, वही, पेन, निदान एक तास. तो मिळत नसेल तर पाच मिनिटांचं काय करायचं, देवाला ते कमीपणाचं वाटेल, असं काहीतरी.

आणि उदाहरणंही अशी दिली जातात की विचारू नका. पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठीच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर हे काम सुरू होतं. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण हे ऐकून मला स्फूर्ती कमी येते आणि धाप जास्त लागते.

त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मला जास्त आधार देतो. पहाटे अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे ३५वं वचन आपण सगळ्यांनी उपदेशात ऐकलंय. पण त्याच्या आजूबाजूचं बघा. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलं होतं, आजारी माणसं घेऊन. आणि पुढच्याच वचनात शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात, ‘सगळे तुला शोधताहेत’ म्हणून. म्हणजे प्रभूच्या शांत वेळेतही कोणीतरी दार ठोठावलंच. तो चिडला असं लिहिलेलं नाही. उठला, दुसऱ्या गावांकडे निघाला.

लूकच्या शुभवर्तमानात येशू घरी आलेला असताना पाहुणचारात गुंतलेली मार्था, तिच्याबद्दलही मला जरा तक्रार आहे. तिच्याबद्दल नाही, आपल्या उपदेशांबद्दल. ती राबत होती म्हणून येशू तिला बोलला, असं आपण सांगतो. लूकने तिच्यासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दात इकडून तिकडे ओढलं जाण्याचा अर्थ आहे. येशू तिला कामाबद्दल टाकून बोलत नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणतो. काम हातात असताना मन एका जागी असणं शक्य आहे. आणि हात रिकामे असूनही मन दहा दिशांना ओढलेलं असू शकतं, हे ज्याच्याकडे फोन आहे त्याला मी सांगायला नको.

जूनमध्ये मी परत सुरुवात केली ती एका शब्दामुळे. ‘मनन’ असं आपण ज्याला म्हणतो, त्याच्यासाठी पहिल्या स्तोत्रात जो हिब्रू शब्द आहे, ‘हागा’, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणं. यशयामध्ये तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठीही. म्हणजे मनन ही डोळे मिटून गप्प बसायची गोष्ट नव्हतीच मुळात. तोंडाने चालायची. आणि तोंड तर माझं भांडी घासतानाही मोकळंच असतं.

शिवाय हेही लक्षात घ्या की एकट्याने बसून स्वतःचं बायबल वाचणं ही चैन छपाईनंतरची, म्हणजे साधारण १४५५ नंतरची. आणि सामान्य माणसाच्या हातात पुस्तक पडायला तिथून पुढेही बराच काळ गेला. त्याआधीच्या बहुतेक विश्वासणाऱ्यांनी वचन कानांनी ऐकलं आणि तोंडात घोळवलं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना वचनाबद्दल बोला असंच सांगितलंय. मार्कचं आख्खं शुभवर्तमान ऐकायला साधारण दीड तास लागतो. माझ्या जाण्यायेण्याच्या दोन दिवसांत ते होतं.

पण इथे मला स्वतःलाच अडवावंसं वाटतं. ‘चालता-बोलता देवाची आठवण’ हे वाक्य आळसाला फार छान पांघरूण घालतं. पारसच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याचं उदाहरण त्यासाठी हमखास दिलं जातं: राजाने विचारलं, तुझी काय मागणी आहे? त्याने तिथल्या तिथे स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. क्षणभराची प्रार्थना, राजासमोर उभ्या उभ्या. बरोबर. पण तो त्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय झाला. पहिल्यात तो रडतो, उपास करतो, रात्रंदिवस प्रार्थना करतो, आणि दोन्ही अध्यायांत दिलेले महिने मोजले तर मधे चारेक महिने जातात. त्या चार महिन्यांशिवाय तो एक क्षण जमला असता असं मला वाटत नाही.

म्हणून मी एक छोटा ठरावीक वेळ ठेवलाय, दहा मिनिटं, घरातले उठायच्या आधी, फोन दुसऱ्या खोलीत. छापील बायबल, कारण त्यावर नोटिफिकेशन येत नाही. काही दिवशी ती दहा मिनिटं अर्धवट झोपेत जातात. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा खाऊ घातलं, बोलणं नंतर. तेव्हा थकलेल्या माणसाशी कसं वागायचं ते देवाला कळतं, एवढा भरवसा मला आहे.

सध्या ११९वं स्तोत्र चालू आहे. १७६ वचनं म्हटलं की छाती दडपते, पण त्याची रचनाच माझ्यासारखीसाठी केल्यासारखी आहे: हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला आठ वचनं. सकाळी एक कडवं वाचायचं, त्यातलं एखादं वचन दिवसभर पुटपुटायचं, म्हणजे २२ दिवसांत स्तोत्र पूर्ण. सातव्या कडव्यात कवी म्हणतो की रात्री मी तुझ्या नावाची आठवण करतो. रात्री मी काय आठवत असते, यावरून त्या दिवशी जरा लाजच वाटली. दुसऱ्या दिवशी आठवं कडवं घ्यायचं होतं. त्याला आज अकरा दिवस झाले, मी अजून सातव्यावरच आहे.