फिल पॉवर आणि ऊब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डाऊन, म्हणजे बदक-हंसांची मऊ पिसं, भरलेल्या जॅकेटांवरच्या माझ्या लेखाखाली '८५० फिलचं जॅकेट ६०० फिलच्या जॅकेटपेक्षा उबदार असणारच, तुम्ही वाचकांची दिशाभूल करताय,' असं तुम्ही लिहिलंत. (हे आकडे फिल पॉवरचे, म्हणजे डाऊन किती फुगतं त्याचे.) आधी माझी चूक कबूल करतो. 'फिल पॉवरचा उबेशी संबंध नाही' हे माझ्या लेखातलं वाक्य चुकीचं होतं, ते आज बदलतोय. दोन जॅकेटांची शिवण सारखी असेल आणि दोन्हींत पिसंही सारख्याच वजनाची असतील, तर ८५० वालं जास्त फुगेल आणि जास्त ऊब देईल. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

पण वजन सारखं असतं का? बहुतेकदा नसतं, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, डाऊन ठरावीक भाराखाली किती घन इंच जागा व्यापतं तो आकडा. जॅकेटमध्ये किती डाऊन भरलंय, हे त्यातून कळतच नाही. ऊब देते ती पिसांमध्ये अडकलेली स्थिर हवा. त्यामुळे ढोबळ तुलना करायची तर फिल पॉवरला ग्रॅमने गुणा. ८५० फिलचं १०० ग्रॅम डाऊन: ८५,०००. ६०० फिलचं १६० ग्रॅम: ९६,०००. म्हणजे कमी आकड्याचं जॅकेट इथे जास्त हवा धरतं. ते जड असेल, पिशवीत जास्त जागा खाईल, हे खरंच. जास्त फिलसाठी मोजलेले पैसे मुख्यतः त्या वाचलेल्या वजनाचे असतात.

शिवाय हा आकडा प्रयोगशाळेत, नीट वाळवून फुलवलेल्या डाऊनवर काढलेला असतो. घामाने ओलसर झालेलं, सॅकच्या पट्ट्यांखाली दबलेलं डाऊन तेवढं फुगत नाही. आरपार शिवणीच्या, म्हणजे बाहेरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेल्या, जॅकेटमध्ये तर टाक्यांच्या रेषेवर जाडीच उरत नाही आणि थंडी नेमकी तिथून आत येते. स्लीपिंग बॅगमध्ये पाठीखालचं डाऊन चेपलं जातं. तिथे ८५० असो वा ६००, खालच्या थंडीपासून राखते ती बॅगखाली अंथरलेली मॅट.

मी एवढं ताणून धरतो कारण नुसता मोठा आकडा बघून पातळ, हलकं जॅकेट घेऊन बर्फात मुक्कामाला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. चालताना त्यांना काही जाणवत नाही. रात्री बसल्या जागी जाणवतं.

तुमच्या जॅकेटच्या माहितीत डाऊनचं वजन ग्रॅममध्ये दिलं असेल तर ते आणि शिवणीचा प्रकार इथे लिहाल का? दोन्ही कळलं की त्या जॅकेटबद्दल नेमकं बोलता येईल.