महाखलनायक की हरकाम्या?

दर वेळी तेच! 'सिटी ऑफ व्हिलन्स' हा खलनायक बनून खेळायचा ऑनलाइन गेम २००५ मध्ये आला, २०१२ मध्ये बंद पडला, चाहत्यांनी पुन्हा उभा केला. आजही नवा खलनायक घडवायला बसलो की त्याच्या शिंगांवर आणि अंगरख्यावरच माझा तास-दीड तास जातो. मग तुरुंग फोडून मर्सी बेटावर उतरायचं, जग मुठीत घ्यायला. आणि पहिलं काम काय? कलिंडा नावाचं गेममधलं पात्र सांगेल तिथे जाऊन साप मारा! पुढचा म्हणतो, अमक्याची पेटी आणून दे. त्याच्या पुढचा, तमक्याला धडा शिकव. अरे, पण यात माझा कट कुठे आहे?

नायकाचं ठीक आहे, कोणी हाक मारली की धावायचं हाच त्याचा धर्म. खलनायकाने आधी डाव टाकायचा असतो, धावाधाव इतरांनी करायची! वर्तमानपत्र चाळून दरोडा निवडायची सोय आहे. बँक लुटायला निघालं की रस्त्यातल्या गाड्या फोडून वेळ वाढवून मिळतो, तेवढ्यापुरता जीव रमतो. ते संपलं की पुन्हा कोणाच्या तरी दारात उभं राहायचं: साहेब, काही काम आहे का?