वाचनालयाची जन्मतारीख १ जानेवारी, लिंग पुरुष

मागच्या वर्षी १ जानेवारीला सकाळी फोन उघडला तर फेसबुक सांगतंय, आज तुमचे मित्र सार्वजनिक वाचनालय यांचा वाढदिवस आहे, त्यांना शुभेच्छा द्या. आणि लोकांनी दिल्या पण! "हॅपी बड्डे भावा" होतं, "जगदंब जगदंब" होतं, एकाने तर तलवारीने केक कापतानाचा फोटो टाकलेला. आमचं वाचनालय शंभरी ओलांडलेलं, स्थापना दसऱ्याची, दरवर्षी त्या दिवशी पुस्तकांच्या कपाटांना झेंडूचे हार घालतो आम्ही. आणि इकडे त्याचा बड्डे १ जानेवारीला. आमच्या वडलांच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी सगळ्यांची जन्मतारीख १ जून टाकायचे, तसंच झालं हे.

तर झालेलं असं की आठ-नऊ वर्षांपूर्वी तेव्हाच्या कार्यकारिणीने एका उत्साही पोराला सांगितलं, अरे आपलं पण फेसबुक काढ. पोराने काढलं. पण पेज नाही काढलं, प्रोफाइल काढलं, माणसाचं काढतात तसं. नाव सार्वजनिक, आडनाव वाचनालय. जन्मतारीख हवी म्हणून दिली १ जानेवारी, लिंग पुरुष. गावाचं नाव कुठेच नाही. त्यात दोन-तीन वर्षं फोटो पडले, हजारभर मित्र झाले, मग पोरगा नोकरीला पुण्याला गेला, जुनं सिमकार्ड बंद झालं, पासवर्ड त्या सिमबरोबर गेला. आता ते अकाउंट तसंच आहे, भूत बंगल्यासारखं. त्यावरची वेळ चुकीची, वर्गणी जुनी, आणि ज्या ग्रंथपाल मॅडमचा नंबर दिलाय त्या रिटायर होऊन पाच वर्षं झाली, अजून त्यांना फोन जातात बिचाऱ्यांना.

पोराला दोष नाही देत मी. त्याने फुकटात काम केलं, आम्ही कोणी साधं विचारलं नाही की बाबा रे काय केलंस, कुठल्या नंबरवर केलंस. दोष आमचा आहे, आणि मला जे म्हणायचंय ते हेच आहे. बघा, आमची संस्था नोंदणीकृत आहे. बँकेत खातं आहे, त्यावर अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार अशा तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात. कोणी बदललं की ठराव होतो, प्रोसिडिंग बुकात लिहिला जातो, त्याची प्रत बँकेत जाते. कपाटांच्या चाव्यांचं सुद्धा रजिस्टर आहे आमच्याकडे, आणि त्या कपाटातलं एक तर १९७२ पासून उघडलेलं नाही म्हणतात! एवढी शिस्त असलेली संस्था स्वतःचं नाव, फोटो आणि गावासमोरचा चेहरा एका पोराच्या प्रीपेड सिमवर ठेवते आणि विसरून जाते. का तर ते "कॉम्प्युटरचं काम".

मी मेडिकलवाला माणूस. दुकानाचं एक पेज आहे माझं, त्यावर रात्री कधीपर्यंत उघडं आहे एवढंच लिहितो. पण तेवढ्यावर मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, तुला येतं की रे, तू कर. म्हणलं करतो, पण आधी ठराव करा. हसले सगळे. फेसबुकला कसला ठराव? पण अण्णांनी (आमचे कार्यवाह, वय ७४, दररोज पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवणारा माणूस) लगेच मुद्दा पकडला. म्हणाले, बरोबर आहे, ही पण मालमत्ताच झाली की. मग रीतसर ठराव झाला, सूचक अण्णा, अनुमोदक खजिनदार. संस्थेचं अधिकृत पेज काढावं, त्याचा पूर्ण ताबा तिघांकडे असावा, पदाधिकारी बदलला की महिन्याच्या आत ताबा बदलावा. माझ्या मते पेज काढण्यातलं ९० टक्के काम तिथेच झालं, बाकीचं चहा पिता पिता होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेज काढायला आधी स्वतःचं प्रोफाइल लागतं, पण पेजवर तुमचं नाव दिसत नाही, संस्थेचं दिसतं. प्रोफाइलला मित्र ५००० च्या वर घेता येत नाहीत, पेजला तशी मर्यादा नाही. आणि मेन म्हणजे पेजचा एकच पासवर्ड असला काही प्रकार नसतो, प्रत्येक जण आपापल्या अकाउंटमधून आत जातो. कोणाला पूर्ण ताबा द्यायचा, कोणाला फक्त पोस्ट टाकायची नाहीतर फक्त मेसेजला उत्तर द्यायची परवानगी द्यायची, हे ठरवता येतं. हे बघून अण्णा म्हणाले अरे हे तर आपल्यासारखंच आहे, कार्यवाह वेगळा आणि शिपाई वेगळा. फक्त एक लक्षात ठेवा, ज्याला पूर्ण ताबा दिला तो बाकीच्यांना, म्हणजे तुम्हाला सुद्धा, काढून टाकू शकतो. त्यामुळे भाच्याला येतं म्हणून भाच्याला देऊन टाकू नका. आताच्या ग्रंथपाल मॅडमना आम्ही पोस्ट आणि मेसेजची परवानगी दिली, पूर्ण ताबा तिघांना, आणि तिघांच्या अकाउंटला टू फॅक्टर लावलं, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवर येणारा ओटीपीपण लागतो. अण्णांना ओटीपी म्हणजे बँकवाला फसवतोय असंच वाटत होतं, त्यात एक संध्याकाळ गेली.

नावाचा घोळ वेगळाच. सार्वजनिक वाचनालय, नगर वाचनालय ही नावं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ती मोठी नावाजलेली, आणि शिवाय आमच्यासारखी कितीतरी. म्हणून नावात गाव पाहिजेच. अध्यक्षांना पाटीवर आहे तसं पूर्ण नाव हवं होतं, देणगीदाराचं नाव, "मोफत वाचन कक्ष", शासनमान्य, तालुका ब वर्ग, सगळं. म्हणलं साहेब, मोबाईलच्या स्क्रीनवर एवढं मावत नाही, शासनमान्य खाली माहितीत लिहू. आणि नाव मराठीत ठेवलं तरी माहितीत एकदा इंग्रजी अक्षरांतपण लिहिलं, कारण निम्मी जनता इंग्रजी कीबोर्डवरूनच शोधते, त्याला इलाज नाही.

मग फोटो. प्रोफाइल फोटो गोलात कापला जातो हे विसरून आम्ही पाटीचा फोटो लावला, तर दिसायला लागलं फक्त "र्वजनिक वाचना". कव्हरला कार्यकारिणीचा ग्रुप फोटो लावला, तो कॉम्प्युटरवर झकास आणि मोबाईलवर कडेचे दोघं गायब, त्यात एक उपाध्यक्ष. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी प्रोफाइलला नुसता जुना लाकडी दरवाजा लावला आणि कव्हरला पुस्तकांची रांग, पुस्तकं रुसत नाहीत.

आणि आता फ्लेक्सबद्दल बोलू द्या जरा, कारण हा माझा दुखरा भाग आहे. आपल्याकडे कोणत्याही कार्यक्रमाची सुरुवात फ्लेक्सने होते. फ्लेक्सवाला कोरल ड्रॉमध्ये त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाईप करतो, तोच मजकूर कॉपी करून फेसबुकवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा होतो, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरं, नसतो. मग लोक सोपा मार्ग काढतात, फ्लेक्सचाच फोटो टाकायचा. त्यात वर पाच पुढारी, खाली पंधरा शुभेच्छुक, आणि मधे कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात व्याख्यानाची तारीख. फोटोतला मजकूर कोणी शोधला तर पटकन सापडत नाही, जे मोबाईलकडून वाचून घेतात त्या अंध वाचकांना तर काहीच कळत नाही, आणि आमचे तसे दोन सभासद आहेत. म्हणून नियम केला, फोटो टाका हवा तर, पण काय, कधी, कुठे हे वर साध्या मराठीत युनिकोडमध्ये लिहायचंच. मॅडम मोबाईलवर बोलून टाईप करतात, "ळ" चा "ल" होतो कधीकधी, होऊ दे.

पहिल्याच आठवड्यात मेसेंजरवर मेसेज आला. वर मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचा लोगो, "तुमच्या पेजने नियमांचा भंग केला आहे, २४ तासांत कायमचं बंद होईल, खालच्या लिंकवर अपील करा." अध्यक्षांचा बीपी वाढला. त्यांना वाटलं आम्ही टाकलेली एका बंडखोर लेखकाच्या कार्यक्रमाची पोस्ट नडली. अहो चोर आहेत ते, लिंकवर पासवर्ड मागून पेज पळवतात. फेसबुकला खरंच काही सांगायचं असेल तर ते तुमच्या अकाउंटच्या सपोर्ट इनबॉक्समध्ये येतं, कुठल्यातरी पेजवरून मेसेंजरला येत नाही. हा एक मुद्दा कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, "पुस्तक परत करताना पाने तपासा"च्या शेजारी.

माझी स्वतःची चूक पण सांगतो. पोस्टखाली ते बूस्टचं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण दिसतं ना, हौसेने ५०० रुपये भरले, वर १८ टक्के जीएसटी. ठिकाण निवडायचं राहिलं आणि अख्खा भारत तसाच राहिला. लाईक बदाबदा आले, कुठल्या कुठल्या राज्यातून, ज्यांना मराठी वाचता येत नाही अशांचे. सभासद वाढला शून्य. खजिनदारांनी व्हाउचरवर सही करताना माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. पैसे मीच भरले शेवटी.

तसंही पेजवर टाकलं म्हणजे सगळ्यांना दिसतं हा गैरसमज आहे. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकच्या झुकेरबर्गने जाहीरच केलं होतं की लोकांना घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट जास्त दिसतील, पेजच्या कमी. आम्हाला त्याचा अनुभव असा, की पेजवर दिवाळी अंक योजनेची पोस्ट टाकली तर चाळीस जणांना दिसली, आणि तीच मॅडमनी स्वतःच्या प्रोफाइलवर दोन ओळी लिहून शेअर केली, "या वर्षी पण मी तुमचे अंक बाजूला काढून ठेवणार आहे, पण रांग लावा", तर संध्याकाळपर्यंत गावभर झाली. लोकांना संस्था नको असते, मॅडम हव्या असतात.

एक कार्यकारिणी सदस्य म्हणाले, आपली जुनी पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ टाकू, हजारो लाईक मिळतील. कल्पना गोड आहे पण आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, वाचनालयानेच चोरी करायची का? शंभर वर्षांपूर्वीची काही पुस्तकं नक्की बसतील त्या नियमात, ती यादी करायचं काम त्यांनाच दिलंय, अजून आलेली नाही. तसंच कथाकथनाच्या पोरांचे फोटो, आईवडलांना विचारल्याशिवाय टाकत नाही आता. एका आईने फोन करून शांतपणे सांगितलं होतं की काढा, त्यांच्या घरच्या काही अडचणी होत्या, आम्ही लगेच काढला, पण आधी विचारायला पाहिजे होतं.

आता खरी मजा सांगतो. आम्ही सजावटीवर एवढी डोकेफोड केली, सुविचार टाकले, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जन्मदिवसाला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, सगळ्यांचे हार घातलेले फोटो. त्यावर हात जोडलेले इमोजी येतात, अभिनंदन येतं, संपलं. आणि मेसेज कशाचे येतात? "आज उघडं आहे का?" बास. दहातले सात मेसेज हेच. आमची वेळ सकाळी आणि संध्याकाळी, मधे बंद, आणि लोक नेमके दुपारी उन्हात कुलूप बघून जायचे, कितीतरी वर्षं. पेजवर सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन वेगळ्या वेळा टाकता येतात, तेवढं नीट भरलं. रंगनाथननी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय की वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि स्वतःची वेळ लिहायची नाही, असं चाललं होतं आमचं.

बाकीच्या मेसेजमधला एक न्यू जर्सीवरून आला. आमच्याच गल्लीतले, चाळीस वर्षांपूर्वी गेलेले. विचारत होते, आत शिरल्यावर डाव्या हाताला काचेचं कपाट होतं, त्यात वडलांनी दिलेली पुस्तकं होती, ती आहेत का अजून? मॅडमनी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. कपाट आहे. हेच ते न उघडणारं! चावीच्या रजिस्टरात नोंद आहे, चावी नाही. अण्णांनी कुलूपवाला बोलावलाय येत्या रविवारी, आणि मॅडम म्हणतायत लाईव्ह करूया. जुन्या अकाउंटवरचे मित्र असाल तर तिकडून उठून नव्या पेजवर या, गावाचं नाव असलेलं आणि दरवाज्याचा फोटो असलेलं तेच खरं. आणि पुढच्या १ जानेवारीला कृपया केक टाकू नका.