तांदळाचा डबा आणि लाओसमधला पाऊस

संध्याकाळपासून डोकं भणभणतंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

ठाणे स्टेशनवरून घरी येताना धो-धो पाऊस लागला, म्हणून सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या शेडखाली आम्ही सात-आठ जण थांबलो होतो. विषय युद्धावर गेला. एक काका म्हणाले, "गोळी कशाला झाडायची? असाच पाऊस महिनाभर त्यांच्या डोक्यावर पाडायचा. चिखलात रुतले की येतील शरण." सगळे हसले, एकाने टाळी दिली. मी गप्प राहिलो. त्याचाच जास्त राग येतोय.

काका, हे करून झालंय. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात केलंय, 1967 ते 1972. थायलंडमधल्या उदोन तळावरून विमानं उडायची आणि ढगांत सिल्व्हर आयोडाइडची नळकांडी पेटवून सोडायची. ढगातले न गोठलेले गार थेंब त्या कणांवर गोठतात, जड होतात आणि खाली येतात. हो ची मिन्ह ट्रेलवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या लाओसमधून जाणाऱ्या रसदीच्या वाटेवर, ट्रक अडकावेत म्हणून तिथला पावसाळा 30 ते 45 दिवसांनी लांबवायचा बेत होता. एकूण 2,602 उड्डाणं, 47,409 नळकांडी. नाव, ऑपरेशन पोपाय. त्याआधी 1966 मध्ये चाचणी घेतली ती लाओसवर, तिथल्या सरकारला न विचारता.

ट्रेल म्हणजे काही रिकामं मैदान नव्हतं हो. आजूबाजूला गावं होती, भातशेती होती.

26 जुलै 2005 ला आम्ही कळव्याला चाळीत, तळमजल्यावर राहायचो. दुपारपर्यंत पाणी मोरीतून उलटं घरात आलं, संध्याकाळी पलंगाला लागलं. आईने आधी आम्हा भावंडांना माळ्यावर चढवलं आणि मग तांदळाचा डबा उचलायला गेली. तो हलेचना. दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा तांदूळ आत फुगून झाकण असं घट्ट बसलं होतं की शेजारच्या दादाने हातोडीने डबा फोडला. तो आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तो कुणी पाडलेला नव्हता. कुणीतरी मुद्दाम पाडला असता तर?

पोपायने नेमका किती जास्त पाऊस पडला याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे, मान्य. म्हणून काय झालं? हेतू तर तोच होता ना! आणि दुष्काळात मराठवाड्यावर विमानं पाठवून असाच प्रयोग आपल्याकडेही झाला, त्याला माझा विरोध नाही. तहानलेल्यासाठी ढगाकडे हात पसरणं वेगळं.

सगळ्यात संताप येतो तो लपवाछपवीचा. 1972 मध्ये अमेरिकी पत्रकार सेमूर हर्श यांनी याची सविस्तर बातमी छापली. त्याच वर्षी संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड सिनेटच्या समितीपुढे असं काही केलंच नसल्याचं सांगून बसले होते. बॉम्ब पडला तर खालच्या माणसाला निदान कळतं की कुणीतरी टाकलाय. पाऊस पडला तर तो कुणाला जाब विचारणार?

माझी आई तेव्हा म्हणाली होती, "देवाच्या मनात आलं, काय करणार." लाओसमधल्या एखाद्या बाईनेही तिच्या देवाला असंच काही म्हटलं असेल. आपलं भात कुणी बुडवलं, हे तिला कधीच कळलं नसेल. हे लिहिताना हात थरथरतोय.

नंतर जगाला जरा लाज वाटली. 1976 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हवामान शस्त्रासारखं वापरू नये असा करार मंजूर केला, तो 1978 पासून लागू आहे. भारतही त्यात आहे. परिणाम व्यापक, दीर्घकाळ टिकणारे किंवा गंभीर असले तरच बंदी, ही पळवाट आहेच. तरी करार आहे.

काकांवर माझा राग नाही आता. त्यांचा मुलगा फौजेत आहे. त्याच्यावर गोळी झाडली जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. उद्या भेटले की त्यांना वर घरी बोलावणार आहे, चहाला. आई आता पंच्याहत्तरीची आहे, तांदूळ अजूनही माळ्यावरच ठेवते. का, ते तिलाच सांगू देत.